गाडीत बसलेला मुनीम

"वहिनी, यंदा हप्ता कमी करायचाय ना? मग गाडीत एक डबी बसवा. तुम्ही गाडी नीट चालवता हे कंपनीला कळलं, की पैसे कमी!"

आमच्या विमा एजंटांनी हे सांगितलं तेव्हा मी गौरींची भांडी पुसून फडताळात लावत होते. २०२५ च्या भाद्रपदातली ही गोष्ट. चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या मुहूर्तावर आमच्याकडे गाडी आली. तेव्हापासून दरवर्षी गणपती उठले, की विम्याची आठवण करून द्यायला हे भाऊजी चहाला येतात. 'पैसे कमी' हे शब्द कानावर पडले की संसारी बाईचे कान टवकारतातच. मी हात पुसले आणि बाहेर येऊन बसले.

ही डबी म्हणजे आहे तरी काय, ती बसवून खरंच किती वाचतात आणि त्या बदल्यात आपण काय देतो, याचा मी त्यानंतर महिनाभर पाठपुरावा केला. आजकाल आपल्यापैकी कितीतरी जणी स्वतः गाडी चालवतात. जालन्यासारख्या गावातही मुलांना शाळेत सोडायला आणि भाजी आणायला गाडी घेऊन निघालेल्या बायका रोज दिसतात. पण विम्याचे कागद आले की आपण ते न वाचताच 'ह्यांच्या'कडे सरकवतो. म्हणून हा सगळा हिशेब तुमच्यापुढे मांडते आहे.

डबी करते काय?

माझे वडील जालन्याच्या मोंढ्यात एका अडतीवर मुनीम होते. आलेल्या प्रत्येक गोणीची नोंद त्यांच्या वहीत असायची. कुणी माल कधी आणला, वजन किती भरलं, पैसे कधी उचलले, सारं काही. ही डबी म्हणजे गाडीत बसलेला असाच एक मुनीम आहे, असं समजा.

काडेपेटीएवढी ही वस्तू स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला एक खाच असते, तिच्यात बसते. मेकॅनिक गाडीतला बिघाड तपासायला आपलं यंत्र जोडतो, तीच ही खाच. डबीत जी.पी.एस. असतं, हिसका ओळखणारं एक छोटं यंत्र असतं आणि माहिती कंपनीकडे पाठवायला मोबाइलसारखं सिमकार्ड असतं. गाडी किती किलोमीटर चालली, किती वेगानं चालली, ब्रेक किती वेळा करकचून लागला, वळण किती जोरात घेतलं, रात्री-अपरात्री किती फिरली, हे सगळं ती टिपते. काही कंपन्या डबीऐवजी आपल्या मोबाइलमध्येच एक अॅप टाकायला सांगतात. ते तर गाडी चालवताना तुम्ही फोन हातात घेतलात का, याचीही नोंद ठेवतं.

आपल्याकडे अशा विम्याला रीतसर वाट मोकळी झाली ती ६ जुलै २०२२ रोजी. विमा नियामक प्राधिकरणानं त्या दिवशी सर्वसाधारण विमा कंपन्यांना परवानगी दिली, की गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात 'जितकी चालवाल तितके भरा' आणि 'जशी चालवाल तसे भरा' अशा दोन तऱ्हा आणता येतील. पहिल्या तऱ्हेत मोजतात फक्त किलोमीटर, तर दुसरीत तुमची चालवण्याची पद्धत. आमचे भाऊजी दोन्हींची एकत्र खिचडी करून सांगत होते! पण हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या तऱ्हेत पुष्कळदा डबीची गरजच नसते. गाडीतल्या किलोमीटरच्या आकड्याचा फोटो पाठवला तरी काम भागतं.

पावती उघडून बसा

आता पैशांचं बोलू. मी कपाटातून विम्याची फाईल काढली आणि चष्मा लावून आयुष्यात पहिल्यांदा ती ओळ न् ओळ वाचली. खरं सांगते, चार वर्षं आपण काय भरतोय ते मला त्या दिवशी कळलं.

गाडीच्या विम्याचे दोन मुख्य भाग असतात. पहिला 'थर्ड पार्टी'चा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याला इजा झाली किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं हा सक्तीचा आहे. त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. या भागाचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकाप्रमाणे १००० सी.सी.पर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सी.सी.ला ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या मोटारीला ७,८९७ रुपये. यात कुठलीही कंपनी एक रुपयाही कमी करू शकत नाही. तुम्ही कितीही सांभाळून चालवा, डबीचा इथं काही उपयोग नाही.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. डबीची सूट मिळते ती फक्त यात. हा आकडा गाडीची आजची किंमत, तिचं वय आणि ती कुठं नोंदलेली आहे यावर ठरतो. एक गोष्ट मला ठाऊकच नव्हती. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं 'अ' विभागात येतात, बाकीचा सगळा देश 'ब' विभागात. म्हणजे जालन्यात नोंदलेल्या गाडीचा हा भाग मुळातच पुण्या-मुंबईपेक्षा थोडा कमी असतो.

आमची पावती अशी होती : स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ५,२०० रुपये, त्यातून चार वर्षांत एकदाही भरपाई मागितली नाही म्हणून ४५ टक्के बोनस वजा, राहिले २,८६०. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ आणि मालक-चालकाच्या अपघात विम्याचे ३२५. बेरीज ६,६०१. त्यावर १८ टक्के जी.एस.टी. धरून ७,७८९ रुपये.

भाऊजी म्हणाले होते, "वीस टक्क्यांपर्यंत सूट." ही सूट ७,७८९ वर नव्हे, तर २,८६० वर! म्हणजे ५७२ रुपये. करासह धरले तरी ६७५. महिन्याला पडले छप्पन्न रुपये, साधारण एक लिटर दुधाचे. आणि त्यातला 'पर्यंत' हा शब्दही विसरू नका. साड्यांच्या सेलच्या पाटीवर असतो तोच हा 'पर्यंत'!

उलट बोनसकडे पाहा. त्यानं आमचे २,३४० रुपये वाचवले, तेही कुठलीही डबी न बसवता. हा 'नो क्लेम बोनस' पहिल्या वर्षानंतर २० टक्के मिळतो. मग २५, ३५, ४५ असा चढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जातो. एकदा भरपाई मागितली की गाडी पुन्हा शून्यावर. मागच्या वर्षी ह्यांनी गेटच्या खांबाला बंपर घासला. दुरुस्तीला अडीच हजार लागणार होते. हे म्हणाले, "विमा कशासाठी घेतलाय मग?" पण आमचा मेकॅनिक शहाणा. तो म्हणाला, "ताई, पदरचे भरा. बोनस मोडू नका." तेव्हा मला त्याचं म्हणणं नीटसं पटलं नव्हतं, पावती वाचल्यावर पटलं. आणखी एक लक्षात ठेवा : हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतलीत तर तो नव्या गाडीला लावून घेता येतो. मात्र विम्याची मुदत संपून नव्वद दिवस उलटले, की तो बुडतो.

मग परदेशात एवढं कौतुक कशाचं?

हे वेड मूळचं बाहेरचं. अमेरिकेत 'प्रोग्रेसिव्ह' या कंपनीनं १९९८ मध्ये टेक्सासमध्ये असा प्रयोग सुरू केला. इंग्लंडमध्ये कॉलेजातल्या मुलामुलींच्या गाड्यांत अशा डब्या पुष्कळ असतात. तिथं नव्यानं गाडी शिकलेल्या मुलांचा हप्ता इतका जबर असतो, की डबी बसवून तो थोडा उतरला तरी आई-बापांना हायसं वाटतं. शिवाय तिथं थर्ड पार्टीचा दरही कंपनीच ठरवते, त्यामुळे सूट सगळ्याच हप्त्यावर बसते. आपल्याकडे निम्मा हप्ता सरकारनं बांधलेला. म्हणून त्यांची जाहिरात वाचून आपण हुरळून जायचं कारण नाही.

एका महिन्याची परीक्षा

तरीही मला कुतूहल होतंच. काही कंपन्या विमा घेण्याआधी अॅपवर फुकट चाचणी देतात. लेकीनं पुण्याहून फोनवर समजावून सांगितलं आणि आमच्या दोघांच्याही मोबाइलमध्ये ते बसलं. ठरलं असं, की महिनाभर दोघांनी नेहमीसारखीच गाडी चालवायची आणि शेवटी गुण पाहायचे.

पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. मी परतूरला एका बारशाला एस.टी.नं गेले, तर अॅपनं ती सगळी फेरी माझ्या नावावर लिहिली! वर शेरा : 'ब्रेक जोरात लावले.' आता एस.टी.च्या ड्रायव्हरचे ब्रेक माझ्या माथी! ती फेरी 'मी प्रवासी होते' म्हणून वगळायची सोय होती, पण ती शोधायला मला दोन दिवस लागले.

दुसरी गोष्ट मात्र गमतीची नाही. एका सकाळी बसस्टँडच्या रस्त्यावर गाय आडवी आली आणि मी ब्रेक दाबला. माझे गुण कमी झाले! अंबडच्या रस्त्यावर लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात एकदम पुढं आली, पुन्हा ब्रेक, पुन्हा गुण कमी. मुनिमाला ब्रेक लागलेला कळतो, पण तो का लागला हे कळत नाही. गाय वाचवली, ट्रॉली चुकवली, त्याचे गुण कुठल्याच रकान्यात नाहीत. परदेशातल्या आखीव रस्त्यांवरचं माप आपल्या मोंढ्याच्या गर्दीत लावलं की असं व्हायचंच.

पण अॅपच्या बाजूनंही बोललं पाहिजे. महिना संपला तेव्हा माझे गुण ८४ होते आणि ह्यांचे ६१! समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे. नागपूरला नणंदबाईंकडे जाताना ह्यांनी ती तीन वेळा ओलांडली होती आणि एकदा गाडी चालवताना फोन कानाला लावला होता. मी शेजारी बसून वीस वर्षं "अहो, हळू" म्हणत आले, ते कधी मनावर घेतलं नाही. पण मोबाइलनं लाल अक्षरांत सांगितल्यावर दोन दिवस गप्प होते. त्यानंतर मात्र गाडी चालवताना फोन मागच्या सीटवर ठेवू लागले. आणि मला गाडी शिकवताना "बायकांना ब्रेकचा अंदाज नसतो" म्हणणारेही हेच, हे मी त्यांना आठवण करून दिलं, हे कबूल करते!

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग ती संध्याकाळ आली.

जेवताना हे सहज अॅप चाळत बसले होते. गाडी ह्यांच्या नावावर, म्हणून खातं ह्यांच्याच मोबाइल नंबरवर उघडलेलं. माझ्या फेऱ्याही त्यांना दिसत. म्हणाले, "अगं, या आठवड्यात पाच वेळा कादराबादला? रोज दुपारी दोन ते साडेतीन?" विचारण्यात संशय नव्हता, नुसतं नवल होतं. पण समोर सासूबाई बसल्या होत्या. त्यांचा घास हातातच राहिला.

कादराबाद हे माझं माहेर. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. भावजय नोकरीला जाते, म्हणून दुपारचे थेंब घालायला मी जात होते. सासूबाईंना लेकीनं उठसूट माहेरी गेलेलं आवडत नाही, हे गेली वीस वर्षं ठाऊक असल्यामुळे मी बोलले नव्हते. लपवलं म्हणा किंवा टाळलं म्हणा. पण केव्हा, कसं आणि कुणाला सांगायचं, हे मी ठरवणार होते. ते ठरवलं भिंतीला टेकवलेल्या एका मोबाइलनं!

पुढं फार काही झालं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सांगितलं असतंस तर मीही आले असते बघायला." आणि दुसऱ्या दिवशी खरंच आल्या. पण प्रत्येकीच्या घरी गोष्ट अशी गोड संपेल असं नाही. एखादीचा नवरा संशयी असेल, एखादी वकिलाकडे, समुपदेशकाकडे किंवा बँकेत कुणाला न सांगता जात असेल, एखादी नोकरीच्या मुलाखतीला गेली असेल. सहाशे-सातशे रुपयांच्या सुटीसाठी तिच्या रोजच्या येण्याजाण्याची वही घरातल्या दुसऱ्याच्या हातात जाणार असेल, तर त्याला मी काटकसर म्हणणार नाही.

मुनीम कुणाचं मीठ खातो?

वडील नेहमी म्हणायचे, "मुनीम इमानीच असतो, पण ज्याचं मीठ खातो त्याच्याशी." गाडीतल्या या मुनिमाचा पगार विमा कंपनी देते. अपघात झाला आणि चूक समोरच्याची असली, तर त्याची वही आपल्या कामी येईल, हे खरं. गाडी चोरीला गेली तर डबी ठिकाण सांगेल, हेही खरं. पण चूक आपली असली, तर तीच वही आपल्या विरुद्ध उघडेल.

शिवाय ही वही तिसऱ्याच्या हाती जाणार नाही कशावरून? २०२४ मध्ये अमेरिकेत उघडकीस आलं, की जनरल मोटर्सच्या गाड्यांतून गोळा झालेली चालवण्याची माहिती दलाल कंपन्यांना विकली जात होती आणि तिच्या आधारे काही लोकांचे विम्याचे हप्ते वाढले होते. कित्येकांना आपण कधी संमती दिली हेही ठाऊक नव्हतं. बोभाटा झाल्यावर कंपनीनं ते बंद केलं. आपल्याकडे संसदेनं २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही निघाले. ते टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचे आहेत. कायदा आहे, ही चांगलीच गोष्ट. पण 'मी सहमत आहे' यावर बोट ठेवणारे आपणच असतो, आणि ते न वाचता ठेवतो.

कुणाला परवडेल, कुणाला नाही?

गाडी नवी आणि महाग असेल, बोनस अजून जमलेला नसेल, तर स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मोठा असतो. तिथं वीस टक्के म्हणजे खरोखरच चार पैसे वाचतात. घरातलं पोर नुकतंच गाडी शिकलेलं असेल आणि त्याच्या वेगाची धास्ती वाटत असेल, तर वर्षभर डबी बसवायला हरकत नाही; मात्र त्याला सांगून, चोरून नव्हे. ज्यांना कामामुळे रात्रीच निघावं लागतं, उदाहरणार्थ रात्रपाळीच्या नर्सबाई, त्यांनी आधी विचारून घ्यावं, कारण काही कंपन्या रात्रीच्या फेऱ्यांचे गुण कापतात. गाडी जुनी, बोनस भरलेला आणि फिरणं बेताचं असेल, तर डबीच्या वाटेला जाऊच नये.

निर्णयाआधी एवढं करा :

१. गाडीतला किलोमीटरचा आकडा पाहा आणि गाडीच्या वयानं भागा. आमचा चार वर्षांत १७,२०० झाला होता, म्हणजे वर्षाला ४,३००.

२. किलोमीटरच्या विम्यात अडीच हजार, पाच हजार, साडेसात हजार असे टप्पे असतात. आपल्या आकड्याच्या वरचा टप्पा घ्या. लग्नसराई, देवदर्शन, आजारपण यांची फेरी धरायला विसरू नका.

३. किलोमीटर संपले तर विमा थांबतो की जादा पैसे भरून वाढवता येतो, हे लेखी विचारा. गाडी उभी असताना चोरी, आग, पूर यांची भरपाई चालू राहते का, हेही विचारा.

४. सूट कशावर आणि कधी? याच वर्षी की पुढच्या वर्षीच्या हप्त्यात? पुढच्या वर्षी कंपनी बदलली तर ती मिळेल का?

५. वाईट गुण पडले तर हप्ता वाढतो का?

६. माहिती कुणाच्या मोबाइलवर दिसेल, किती दिवस ठेवली जाईल, आणखी कुणाला दिली जाईल? विमा सोडल्यावर ती पुसली जाईल का?

७. डबी असेल तर ती कुणाच्या मालकीची, हरवली तर किती भरायचे? गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहत असेल तर बॅटरी उतरते का, हे आपल्या मेकॅनिकलाही विचारा.

८. तक्रार झाली तर आधी कंपनीकडे लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नियामक प्राधिकरणाचा तक्रारीचा फोन क्रमांक १५५२५५ आहे.

आम्ही काय केलं? डबी घेतली नाही. पाच हजार किलोमीटरचा टप्पा घेतला. घटस्थापनेच्या दिवशी मीच गाडीतल्या आकड्याचा फोटो काढून पाठवला. साडेचारशे रुपये वाचले. पुण्याची एक फेरी मात्र आता विचार करून करावी लागते. लेकीला म्हटलं, दिवाळीला रेल्वेनं ये.

अॅप दोघांच्याही मोबाइलमधून काढून टाकलं. त्यातल्या ८४ गुणांचा फोटो तेवढा मी ठेवला आहे. दसऱ्यानंतर आईला डोळे तपासायला संभाजीनगरला न्यायचं होतं. हे म्हणाले, "रविवारपर्यंत थांब, मी नेतो." मी म्हटलं, "अहो, माझे गुण तुमच्यापेक्षा जास्त आहेत!" त्यांनी हसून किल्ली पुढं केली. पुढच्या सीटवर आई, मागं सासूबाई, आणि मी पहिल्यांदाच गावाबाहेर, इतक्या लांब, स्वतः गाडी चालवत गेले. वाटेत बदनापूरला थांबून तिघींनी चहा घेतला. किती वाजता थांबलो आणि किती वेळ बसलो, याची नोंद कुठंही नाही.